तंजावरची छत्रे आणि बालकाचे घर : कुटुंब अखंड राखणारी व्यवस्था

१६ नोव्हेंबर २०१८ रोजी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर धडकलेल्या ‘गज’ चक्रीवादळाने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील नारळबागा मुळासकट उपटून टाकल्या. तंजावर जिल्ह्यातील पट्टुकोट्टै, पेरावूरणी आणि ओरतनाडू या भागांना त्याचा मोठा तडाखा बसला. त्यानंतर काही आठवड्यांतच एका बातमीने प्रशासनाचे लक्ष वेधून घेतले. पडलेले घर पुन्हा उभारण्यासाठी या जिल्ह्यातील एका गरीब कुटुंबाने आपल्या लहान मुलाला ३६ हजार रुपयांच्या बदल्यात शेजारच्या नागपट्टिनम जिल्ह्यात कामासाठी गहाण ठेवले होते. मुलाची सुटका करण्यात आली.

सुटका हा अशा प्रकरणातील तुलनेने सोपा भाग असतो. त्यानंतरचा प्रश्न अवघड आहे. ज्या घराने मुलाला गहाण ठेवले, त्याच घरी त्याला परत पाठवायचे काय? आणि पाठवायचे नसेल, तर छप्पर उडाले म्हणून आई-वडीलही गमावण्याची शिक्षा त्या मुलाने का भोगावी?

बालकांची काळजी व संरक्षण यासंबंधीच्या २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाने या प्रश्नाची दिशा ठरवून दिली आहे. बालकाच्या संगोपनाची प्राथमिक जबाबदारी कुटुंबाची असून संस्थेत दाखल करणे हा अखेरचा उपाय समजावा, ही या कायद्याच्या मूलतत्त्वांपैकी दोन तत्त्वे होत. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाला, प्रवासाचा अवधी वगळून, २४ तासांच्या आत जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी या समितीची रचना असते. समिती सामाजिक तपासणीचा अहवाल मागविते. घरात कमावते कोण, कर्ज किती, मूल शाळेत जात होते काय, त्याला मारहाण होत होती काय, आजी किंवा मामा सांभाळण्यास तयार आहेत काय, अशा साध्या वाटणाऱ्या प्रश्नांच्या उत्तरांवर मुलाचे पुढील आयुष्य अवलंबून असते. हा अहवाल टेबलावर बसून भरला गेला तर पुढची सारी यंत्रणा निरर्थक ठरते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

गहाणाच्या प्रकरणात आणखी एक कायदा साहाय्यास येतो. वेठबिगार निर्मूलनाच्या १९७६ च्या कायद्यानुसार वेठबिगारीचे कर्ज फेडण्याचे दायित्व संपुष्टात येते. म्हणजे ३६ हजारांसाठी सावकाराने पुन्हा दारात उभे राहण्याचा अधिकार उरत नाही. केंद्र सरकारच्या २०१६ च्या पुनर्वसन योजनेत वेठबिगारीतून मुक्त झालेल्या बालकांसाठी दोन लाख रुपयांच्या साहाय्याची तरतूद करण्यात आली. कर्ज मिटले आणि छप्पर बसले, तर मुलाला दूर पाठविण्याचे मूळ कारणच नाहीसे होते.

महिन्याला चार हजार रुपये

मात्र प्रत्येक घरावर वादळच कोसळते असे नाही. पुष्कळदा वडिलांचे निधन होते, आई एकटी पडते, आणि निदान दोन वेळचे जेवण तरी मिळेल या आशेने ती मुलांना वसतिगृहात किंवा बालगृहात नेऊन सोडते. भारतातील बालगृहांत राहणारी सर्वच मुले अनाथ आहेत, हा समज त्यामुळेच चुकीचा आहे.

अशा कुटुंबांसाठी याच अधिनियमाच्या ४५ व्या कलमात ‘प्रायोजकत्वा’ची सोय आहे. हा शब्द ऐकताच क्रिकेटच्या सामन्यांतील फलक आठवावेत, हे दुर्दैव. कायद्यातील त्याचा अर्थ मुलाच्या पालनपोषणासाठी कुटुंबाला दिलेले अर्थसाहाय्य एवढाच आहे. विधवा, घटस्फोटित किंवा कुटुंबाने टाकलेल्या मातांची मुले, नातलगांकडे राहणारी अनाथ मुले, तसेच ज्यांचे पालक जीवघेण्या आजाराने ग्रस्त आहेत अथवा अपघातामुळे मुलांचा सांभाळ करण्यास असमर्थ झाले आहेत अशी मुले त्यास पात्र ठरतात. २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ‘मिशन वात्सल्य’च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही रक्कम दरमहा चार हजार रुपये ठेवण्यात आली. मूल घराबाहेर जाऊ नये म्हणून, तसेच संस्थेतील मूल घरी परतावे म्हणूनही हे साहाय्य देता येते.

त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२ हजार आणि अन्यत्र ९६ हजार रुपये अशी घालण्यात आली. ग्रामीण मर्यादा महिन्याला सहा हजार रुपयांवर येते. भातलावणी आणि कापणीच्या हंगामात नियमित मजुरी मिळविणारी एखादी आई कागदोपत्री ही रेषा सहज ओलांडू शकते आणि तरीही तिच्या घरात वर्षाचे कित्येक महिने चूल पेटण्याची भ्रांत असू शकते. मर्यादेचा हा भाग पुनर्विचाराच्या योग्यतेचा आहे.

राज्यांच्या स्वतःच्या योजनाही आहेत. महाराष्ट्रात आता क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या बालसंगोपन योजनेतील मासिक अनुदान २०२३ मध्ये २,२५० रुपये झाले. तमिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये ‘अन्बु करंगळ’, म्हणजे मायेचे हात, या नावाची योजना सुरू केली. दोन्ही पालक गमावलेल्या, अथवा एक पालक गमावलेल्या आणि दुसरा सांभाळ करण्यास असमर्थ असलेल्या मुलांना शालेय शिक्षण पूर्ण होईपर्यंत दरमहा दोन हजार रुपये देण्याची तीत तरतूद होती.

सरफोजी राजांचे पत्र

तंजावरला या विषयाची एक जुनी आठवण आहे आणि ती मराठी वाचकांच्या जिव्हाळ्याची आहे. भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी राजे यांनी १७९९ च्या तहान्वये राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. त्यानंतर १८०१ मध्ये त्यांनी कंपनीचे रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना पत्र लिहून रामेश्वराच्या वाटेवरील छत्रांची कैफियत मांडली. यात्रेकरूंना तेथे अन्न मिळे हे सर्वश्रुत आहे; परंतु पत्रातील तपशील त्यापलीकडे जातो. परक्या मुलखातील वाटसरूंची अनाथ मुले छत्रातील शिक्षकाकडे सोपविली जात. त्यांना जेवण, वस्त्रे, औषधे आणि त्यांच्या आवडीच्या विद्येचे शिक्षण मिळे, पुढे विवाहाचा खर्चही छत्रच करी. वाटेत प्रसूत झालेल्या स्त्रीला औषधोपचार मिळत आणि बाळंतपणानंतर तीन महिने तेथेच राहण्याची मुभा असे. ओरतनाडू येथील प्रसिद्ध मुक्तांबाळ छत्र सरफोजींच्याच काळातले. २०१८ च्या वादळाने झोडपलेला मुलूख तो हाच.

ज्याला कोणीच नाही त्याला संस्थेचा आधार आणि जिला मूल आहे तिला मुलासह आसरा, अशी ही दुहेरी रीत होती. आजच्या कायद्याने यातील दुसऱ्या रीतीला अग्रक्रम दिला आहे.

तरीही कुटुंब टिकविणे म्हणजे मुलाला कोणत्याही परिस्थितीत घरीच ठेवणे नव्हे. याचे उदाहरणही सरफोजींच्याच बालपणात आढळते. १७८७ मध्ये तुळजाजी राजांनी त्यांना दत्तक घेतले तेव्हा ते नऊ-दहा वर्षांचे होते. त्याच वर्षी तुळजाजी निवर्तले. काका अमरसिंह यांच्या ताब्यात या मुलाची आबाळ होत असल्याच्या तक्रारी झाल्या, तेव्हा पालकत्व लाभलेले मिशनरी श्वार्ट्झ यांच्या पुढाकाराने १७९३ मध्ये त्याला मद्रासला हलविण्यात आले. रक्ताचे नाते तेथे संरक्षण देऊ शकले नाही. त्या वादात वारसाहक्काचे राजकारणही होते, हे खरे.

आजच्या अधिनियमातही, ज्या व्यक्तीने बालकाला इजा केली, त्याचे शोषण केले किंवा त्याचा छळ केला अशा व्यक्तीसोबत राहणारे बालक काळजी व संरक्षणाची गरज असलेले समजले जाते, मग ती व्यक्ती पालक का असेना. अशा वेळी समिती मुलाला योग्य व्यक्तीकडे, प्रतिपालक कुटुंबात किंवा बालगृहात ठेवू शकते. गरिबी आणि छळ यांतील हा फरक ओळखणे हेच समितीचे खरे काम. गरीब पालकाला क्रूर ठरविणे जितके घातक, तितकेच क्रूर पालकाला केवळ गरीब समजून मूल परत देणे घातक. मूल घरी परतल्यानंतरही जिल्हा बाल संरक्षण कक्षाने त्याची विचारपूस करीत राहणे अपेक्षित असते. शाळेतील हजेरी पाहणे हा त्यातील सर्वांत सोपा मार्ग. गहाण पडलेल्या मुलाची जागा वर्गात रिकामी दिसते आणि ती प्रथम शिक्षकाच्याच नजरेस येते.

अशा मुलांविषयी माहिती देण्यासाठी १०९८ हा निःशुल्क क्रमांक आहे. २०२३ पासून ही सेवा राज्यांच्या यंत्रणेमार्फत चालविण्यास आणि ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडण्यास प्रारंभ झाला. माहिती देण्यासाठी मुलाचे नातलग असण्याची आवश्यकता नाही.