प्लगइनच्या फलिताची साठवण : जावास्क्रिप्ट बांधणी-साधनांच्या गतीचा प्रश्न

प्रस्तावना :

विकसकाने लिहिलेली जावास्क्रिप्ट आज क्वचितच जशीच्या तशी ब्राउझरपर्यंत पोहोचते. शेकडो फायली एकत्र करणे, भाषेतील नव्या रचना जुन्या ब्राउझरला समजतील अशा रूपात आणणे, टाइपस्क्रिप्टमधील प्रकारदर्शक खुणा काढून टाकणे आणि निरुपयोगी मजकूर गाळून आकार कमी करणे, ही कामे आधी उरकावी लागतात. या प्रक्रियेस 'बिल्ड' किंवा बांधणी असे म्हणतात. वेबपॅक (२०१२), रोलअप (२०१५) आणि ईएसबिल्ड (२०२०) ही त्यासाठीची परिचित साधने होत. साधनाच्या मूळ क्षमतेत न बसणारे रूपांतर त्याला जोडलेली छोटी आज्ञावली करते. तिला प्लगइन म्हणतात. वेबपॅकमध्ये फाईलचे रूपांतर करणाऱ्या अशा घटकास 'लोडर' ही वेगळी संज्ञा आहे. बांधणीचा पुष्कळसा वेळ या प्लगइनमध्येच खर्च होतो. तो कसा वाचविता येतो आणि वाचविताना कोणता धोका संभवतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना व पूर्वपीठिका :

एकदा काढलेले उत्तर जपून ठेवावे आणि तोच प्रश्न पुन्हा आला असता गणित न करता ते उत्तर द्यावे, ही कल्पना संगणकशास्त्रात जुनी आहे. डोनाल्ड मिची यांनी १९६८ मध्ये 'मेमो फंक्शन' या नावाने ती मांडली. अशा साठ्यास 'कॅश' म्हणतात. उच्चार सारखा असला तरी रोख रकमेशी त्याचा संबंध नाही. बांधणीच्या क्षेत्रात स्टुअर्ट फेल्डमन यांनी बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये तयार केलेल्या 'मेक' या साधनाने याच दिशेने पाऊल टाकले. मूळ फाईल तिच्यापासून तयार झालेल्या फाईलपेक्षा अलीकडची असेल तरच काम पुन्हा करावयाचे, हा त्याचा नियम. मात्र केवळ वेळेवर विसंबणे पुरेसे नसते. प्रकल्प दुसऱ्या संगणकावर उतरवून घेतला की मजकूर तोच राहूनही फाईलची वेळ बदलू शकते. म्हणून पुढील अनेक साधनांनी मजकुराचा 'हॅश', म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेली लहान ओळखखूण, वापरण्यास प्रारंभ केला.

लाभाचे प्रमाण एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, प्रकल्पात ४०० फायली असून प्रत्येकीच्या रूपांतरास ५० मिलिसेकंद लागतात. क्रमाने काम केल्यास एका बांधणीस २० सेकंद लागतील. साठ्यात उत्तर शोधण्यास प्रत्येकी १ मिलिसेकंद लागत असेल आणि एकच फाईल बदललेली असेल, तर तेच काम अर्ध्या सेकंदाच्या आत संपेल.

किल्लीचा प्रश्न :

साठविलेले उत्तर ज्या खुणेवरून शोधले जाते तिला किल्ली म्हणू. या विषयाचे सारे मर्म किल्लीत आहे. परीक्षा विभागाचे उदाहरण घेऊ. एका विद्यार्थ्याचे गुण बदलले तर त्याचीच गुणपत्रिका पुन्हा तयार करावी लागते. परंतु श्रेणी देण्याचे सूत्रच बदलले, तर एकाचेही गुण न बदलता सर्व गुणपत्रिका कालबाह्य ठरतात. प्लगइनचेही तसेच आहे. त्याचे फलित केवळ मूळ फाईलवर अवलंबून नसते. प्लगइनची आवृत्ती, त्याला दिलेले पर्याय, बांधणी चाचणीसाठी आहे की प्रकाशनासाठी आणि प्लगइनने वाचलेल्या अन्य फायली, या सर्वांवर ते अवलंबून असते. यांपैकी एक बाब जरी किल्लीत यावयाची राहिली, तरी साधन जुने उत्तर नवे म्हणून देते.

अशी चूक सहज लक्षात येत नाही. समजा, एखादे प्लगइन पानाच्या आराखड्यात मराठी शब्दसूचीतील शब्द भरते. किल्लीत आराखड्याचा हॅश आहे, शब्दसूचीचा नाही. शब्दसूचीतील 'अनुत्तीर्ण' हा चुकीच्या जागी पडलेला शब्द दुरुस्त केला, तरी पानावर तोच कायम राहील. बांधणी यशस्वी झाल्याचा संदेश येईल आणि विकसक दोष स्वतःच्या दुरुस्तीत शोधत बसेल.

साधनांतील दोन भूमिका :

या अडचणीस साधनांनी दोन प्रकारे उत्तर दिले आहे. पहिल्या भूमिकेनुसार साठा साधनाने सांभाळावा. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या वेबपॅकच्या पाचव्या आवृत्तीने डिस्कवर टिकणारा साठा उपलब्ध करून दिला. लोडरने आणखी एखादी फाईल वाचली असेल तर ते अवलंबन त्याने साधनास कळवावे आणि फलित साठविण्याजोगे नसेल तर तसेही सांगावे, अशी त्यात सोय आहे. बेबल या रूपांतरकानेही ७.१७ या आवृत्तीत (२०२२) प्लगइनला बाह्य फायलींवरील अवलंबन घोषित करण्याची सोय दिली. दुसरी भूमिका ईएसबिल्डची आहे. जुने उत्तर केव्हा बाद होते हे त्या त्या प्लगइनलाच ठाऊक असते. म्हणून प्लगइनच्या फलिताची साठवण साधनात अंतर्भूत न करता प्लगइनच्या लेखकावर सोपविली आहे. पहिल्या भूमिकेत सोय अधिक, दुसरीत जबाबदारीची जाणीव अधिक. परंतु प्लगइनच्या लेखकाने प्रामाणिकपणे अवलंबने न सांगितल्यास दोन्ही निष्फळ होतात.

मराठी वाचकाच्या नित्य परिचयातील एक जवळचे उदाहरण येथे नोंदविणे उचित ठरेल. मराठी विकिपीडिया (२००३ पासून) ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिच्यातील 'रिसोर्सलोडर' हा घटक जावास्क्रिप्टचा आकार कमी करून ती वाचकाकडे पाठवितो. हे काम आधी बांधणी करून नव्हे, तर सर्व्हरवर मागणीनुसार होते; तथापि तत्त्व तेच आहे. लहान केलेल्या मजकुराच्या किल्लीत प्रक्रियेचे नाव, साठ्याचा आवृत्ती-क्रमांक आणि मूळ मजकुराचा हॅश असे घटक असतात. मजकूर बदलला की हॅश बदलतो. प्रक्रियेची रीत बदलली की आवृत्ती-क्रमांक वाढविता येतो. गुण आणि सूत्र या दोहोंची दखल येथे घेतलेली दिसते.

मर्यादा :

प्रत्येक प्लगइनचे फलित साठविणे हितावह नसते. रूपांतर अत्यल्प वेळाचे असेल, तर डिस्कवरून उत्तर वाचण्यातच अधिक वेळ जातो. जे प्लगइन चालू दिनांक वा नेटवर्कवरील माहिती वापरते, त्याचे उत्तर दर वेळी बदलू शकते. काही प्लगइन रूपांतरासोबत इशारेही देतात. साठ्यातून उत्तर घेतले की प्लगइन चालत नाही आणि इशारे जपले नसतील तर ते लुप्त होतात. साठ्याचा आकारही वाढत जातो. रोलअपने यावर उपाय म्हणून, लागोपाठ १० बांधण्यांत न वापरलेली प्लगइनची साठवण काढून टाकण्याचा नियम ठेवला आहे.

समारोप :

डहाणू-तलासरीसारख्या ग्रामीण भागातील महाविद्यालयात जुने संगणक आणि तासिकेचा मर्यादित वेळ यांवर प्रात्यक्षिक भागवावयाचे असेल, तर बांधणीतील प्रत्येक सेकंदाची बचत मोलाची ठरते. तथापि विद्यार्थ्यास गतीचा पर्याय सुरू करण्यास शिकविण्यापूर्वी एक प्रश्न विचारण्यास शिकविणे अगत्याचे आहे : हे उत्तर कशाकशावर अवलंबून आहे? शंका येताच साठा पुसून बांधणी करावी आणि दोन्ही फलिते ताडून पाहावीत. ती भिन्न आली, तर किल्लीत काही राहून गेले आहे का, हे प्रथम तपासावे. साठवणीने वाचणारा वेळ या पडताळणीवर उभा असेल, तरच तो खरोखर वाचलेला वेळ होय.