चाक आणि कायदा (भाग ७) : घरी बांधलेल्या मोटारसायकलचे पासिंग

वसई तालुक्यातल्या जूचंद्रमधून वालीव, सातिवली, गोखिवऱ्याच्या गाळ्यांमध्ये कामाला जाणारी अनेक मुले लेथ आणि वेल्डिंगमध्ये तरबेज आहेत. भंगारातले कोणते इंजिन अजून चालेल, हेही त्यांना कळते. त्यांच्यापैकी कुणी पाइप वाकवून स्वतःची चासी बांधली, तिच्यावर इंजिन चढवले, तर त्या गाडीला वसई आरटीओचा एमएच-४८ नंबर मिळेल का?

उत्तर आधीच सांगतो. हौसेने बांधलेल्या एकट्या गाडीसाठी आजच्या कायद्यात व्यवहारात परवडेल अशी वाट नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीशिवाय गाडी चालवता येत नाही. ‘सार्वजनिक ठिकाणी किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी’ असा या कलमाचा रोख आहे, त्यामुळे ‘गावातल्या गावातच चालवतो’ हा बचाव टिकत नाही. नव्या गाडीच्या नोंदणीसाठी फॉर्म २० सोबत विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१ लागतो आणि फॉर्म २२ लागतो. फॉर्म २२ मध्ये गाडी नियमांप्रमाणे बनली आहे असे उत्पादक लिहून देतो. आपली अडचण इथेच सुरू होते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२६ प्रमाणे उत्पादकाला आधी नमुना गाडी मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. अशा तीन संस्था आपल्याच राज्यात आहेत : पुण्यातल्या एआरएआय आणि सीआयआरटी, आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. गाडीचा धूर १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मर्यादेत हवा. १२५ सीसीच्या वरच्या गाडीला एबीएस ही ब्रेकप्रणाली हवी, १२५ सीसीपर्यंतच्या गाडीला निदान सीबीएस. इंजिन सुरू असेपर्यंत पुढचा दिवा पेटता राहिला पाहिजे. मागे बसणाऱ्याला धरायला पकड, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारा साडीगार्ड हवा. कंपनी या चाचण्यांचा खर्च हजारो गाड्यांवर वाटून घेते. कारागिराची गाडी एकच असते.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांचे उदाहरण अनेकांना आठवत असेल. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप त्यांनी साधारण ६० हजार रुपयांत उभी केली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले, आणि नियमांत बसत नसल्याने ती आज ना उद्या अडवली जाईल हेही सांगितले. बदल्यात देऊ केलेली बोलेरो लोहार कुटुंबाला जानेवारी २०२२ मध्ये मिळाली. कौतुक देशभर झाले, तरी त्या जीपसाठी नियम बदलला नाही.

मग जुन्या गाडीच्या आरसी बुकावर नवी चासी चालवावी, असा सल्ला नाक्यावर सर्रास मिळतो. तो ऐकू नका. कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

दोन सवलती मात्र माहीत असाव्यात. चारपेक्षा कमी चाकांच्या आणि २५ सीसीपर्यंत इंजिन असलेल्या वाहनाला हा कायदा ‘मोटार वाहन’ मानत नाही. सायकलला बसवायची जी इंजिने बाजारात मिळतात, ती बहुधा याहून मोठी असतात, म्हणून घेण्याआधी सीसी पाहा. दुसरी सवलत विजेच्या दुचाकीला आहे : मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरीशिवाय वजन ६० किलोपर्यंत. पण तिलाही नियम १२६ मधल्या संस्थेची मान्यता लागतेच.

दंडापेक्षा मोठी जोखीम विम्याची आहे. नोंदणी नाही म्हणजे तृतीय पक्ष विमा नाही. अशा गाडीने कुणी जखमी झाले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई मालकाला स्वतः भरावी लागते. त्यात घर विकायची वेळ येऊ शकते.

रस्त्यावरून चालणाऱ्याला सुरक्षित ब्रेक आणि भक्कम जोड मिळालेच पाहिजेत, म्हणून चाचणीला माझा विरोध नाही. पण ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका मोटारसायकलचीही स्वतंत्र तपासणी होते आणि ती उत्तीर्ण झाली की नोंदणीचा मार्ग खुला होतो. पुण्यात आणि अहिल्यानगरला यंत्रणा तयार असताना, परवडेल अशा शुल्कात एका गाडीची तपासणी आपल्याकडेही व्हायला हवी. ही मागणी आपल्या खासदारांपर्यंत लेखी पोहोचवा, कारण हा नियम केंद्राच्या हातात आहे. तोवर गाडी जरूर बांधा, तिच्यावर शिका, पण ती रस्त्यावर काढू नका.

(पुढील भागात : जुन्या दुचाकीला मान्यताप्राप्त इलेक्ट्रिक किट बसवताना)