घरचा हॉट डॉग : किती पौष्टिक, किती जपून?

‘मुले हॉट डॉगसाठी हट्ट करतात. बाहेरचा नको म्हणून घरी केला, तर तो पौष्टिक म्हणता येईल का?’ असे एका वाचक भगिनीने विचारले आहे. प्रश्न योग्य आहे, कारण गोठवलेल्या सॉसेजची पाकिटे आता तालुक्याच्या गावीही मिळू लागली आहेत. परंतु ‘घरी केला’ याचे दोन अर्थ होतात. पाकिटातले सॉसेज तव्यावर परतून पावात घालणे हा एक आणि खिम्यापासून सॉसेजच घरी करणे हा दुसरा. आरोग्याच्या दृष्टीने या दोहोंत पुष्कळ अंतर आहे.

प्रथम हा पदार्थ काय आहे ते पाहू. नावात कुत्रा असला तरी पदार्थात तो नाही. हे १९ व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत थट्टेने पडलेले नाव आहे. मूळ सॉसेज जर्मन लोकांचे. फ्रँकफुर्ट शहरावरून ते ‘फ्रँकफुर्टर’ आणि व्हिएन्नावरून ‘वीनर’ म्हणून ओळखले जाते. जर्मन स्थलांतरितांबरोबर ते अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या समुद्रकिनाऱ्यावर लांबट पावात घालून विकले जाऊ लागले. तिथे ते गाईच्या किंवा डुकराच्या मांसाचे असते, आपल्याकडे बहुधा कोंबडीचे.

मांस, चरबी, मीठ आणि बर्फ एकत्र इतके बारीक वाटतात की त्याची लापशी होते. मिठामुळे मांसातील चिकट प्रथिने सुटी होतात व चरबीच्या कणांना धरून ठेवतात. म्हणूनच कारखान्याचे सॉसेज मऊ, एकजीव लागते. त्यात सोडियम नायट्रायटही घालतात. गुलाबी रंग आणि विशिष्ट चव त्याचीच. पाकिटावर ते ‘आयएनएस २५०’ अशा आकड्याने लिहिलेले आढळेल.

हे नायट्रायट उगाच घालत नाहीत. जर्मनीतील व्युर्टेम्बर्ग येथील डॉक्टर युस्टिनुस केर्नर यांनी १८२० आणि १८२२ साली सॉसेज खाऊन झालेल्या विषबाधेची सविस्तर वर्णने प्रसिद्ध केली. (हे गृहस्थ कवीही होते!) या विषबाधेत दृष्टी दुहेरी होते, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास थांबतो. तिचे ‘बॉट्युलिझम’ हे नाव सॉसेज या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच आले आहे. तिच्या जंतूंना नायट्रायट रोखते. मात्र त्याच नायट्रायटपासून पोटात, तसेच कडक आचेवर भाजताना, नायट्रोसमाइन नावाची द्रव्ये तयार होऊ शकतात आणि ती कर्करोगाला पोषक ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस हे कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. रोज ५० ग्रॅम असे मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असे तिचे अनुमान आहे. याचा अर्थ १०० पैकी १८ जणांना कर्करोग होतो असा नव्हे. ज्याचा जो मूळ धोका असेल, तो तेवढ्या प्रमाणात वाढतो, आणि तोही रोज खाणाऱ्याचा. दोन महिन्यांतून एकदा वाढदिवसाला खाणाऱ्याने झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

मला स्वतःला त्याहून अधिक काळजी मिठाची वाटते. सुमारे ४५ ग्रॅमच्या एका अमेरिकी सॉसेजमध्ये १५० उष्मांक, १३ ग्रॅम चरबी आणि जेमतेम ५ ते ६ ग्रॅम प्रथिने असतात. मीठ मात्र सव्वा ग्रॅमच्या आसपास. त्यात पावातले आणि केचपमधले मीठ मिळवले की आकडा दोन ग्रॅमपर्यंत सहज जातो. मोठ्या माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ खावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. माझ्याकडे रक्तदाबाचे एक रुग्ण येत. गोळ्या वाढवूनही दाब उतरेना. ‘भाजीत मीठ अगदी कमी घालतो,’ असे ते शपथेवर सांगत आणि ते खरेही होते. पुढे समजले की मुलांसाठी आणलेल्या पाकिटातली दोन-तीन सॉसेज तेही रोज न्याहारीला घेत होते. खारट लागत नाही ते खारट नाही, अशी आपली समजूत असते.

आता घरी करण्याविषयी. अर्धा किलो हाडाविना कोंबडी घ्यावी. मांडीचे मांस असल्यास सॉसेज कोरडे होत नाही. तुकडे अर्धा तास बर्फाच्या कप्प्यात ठेवून थंडगार करावेत. मग त्यात सपाट एक चहाचा चमचा मीठ, लसूण, मिरेपूड, थोडी मोहरीची पूड, रंगाकरिता काश्मिरी मिरचीपूड, दोन मोठे चमचे तेल आणि पाव वाटी बर्फाचा चुरा घालून मिक्सरवर वाटावे. मिक्सर एकसारखा चालवू नये, थांबत थांबत चालवावा. भांडे तापले की चरबी सुटते आणि सॉसेज भुसभुशीत होते. या मिश्रणाचे दहा भाग करून प्रत्येक भाग बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळावा, टोके पिळावीत आणि मोदकपात्रात वीस मिनिटे वाफवावेत. एक मधोमध कापून पाहावे. आत कच्चा गुलाबीपणा दिसला किंवा लालसर पाणी सुटले तर आणखी वाफ द्यावी. नंतर तव्यावर थोड्या तेलात फिरवले की झाले.

अशा एका सॉसेजमध्ये सुमारे १० ग्रॅम प्रथिने, ५ ते ६ ग्रॅम चरबी, साधारण १०० उष्मांक आणि मीठ अर्ध्या ग्रॅमच्या आसपास पडते. म्हणजे प्रथिने जवळपास दुप्पट, मीठ निम्म्याहून कमी. खरे पाहता हा आपला खिम्याचा कबाबच, आकार तेवढा परका. मैद्याच्या पावात तंतू नसल्यासारखेच, म्हणून गव्हाचा पाव घ्यावा आणि काकडी, कांदा, कोबी भरपूर घालावा. मेयोनेजच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९० उष्मांक असतात. त्याऐवजी चक्का आणि मोहरी चांगली लागते. शाकाहारी मंडळींनी भिजवलेले सोयाबीनचे वडे आणि उकडलेला राजमा वाटून हेच करावे. बटाट्याचे करून त्याला पौष्टिक म्हणू नये.

घरचे सॉसेज करड्या पांढऱ्या रंगाचे होते आणि ते तसेच असू द्यावे. रंगासाठी सोरा किंवा नायट्रायट आणून ‘चिमूटभर’ घालण्याचा सल्ला कुणी दिल्यास तो मुळीच ऐकू नका. अमेरिकेत दळलेल्या मांसासाठी नायट्रायटची कमाल मर्यादा दहा लाख भागांत १५६ भाग आहे, म्हणजे अर्ध्या किलोला ग्रॅमचा बारावा-तेरावा हिस्सा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर हे मोजता येत नाही. प्रमाण थोडे चुकले तरी रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते, ओठ-नखे निळी पडतात आणि लहान मूल दगावूही शकते.

नायट्रायट नाही म्हणजे टिकाऊपणाही नाही. ही सॉसेज फ्रीजमध्ये दोन दिवस ठेवावीत, त्यापुढे बर्फाच्या कप्प्यातच. गोव्यात चोरीस टांगून ठेवतात, मग हे का नको, असे कुणी विचारील. चोरीसमध्ये भरपूर मीठ, मिरची आणि व्हिनेगर असते आणि ते वाळवलेले असते. आपले सॉसेज ओलसर आणि सौम्य आहे. गर्भवती स्त्रियांनी पाकिटातले सॉसेज थेट कधीच खाऊ नये, वाफा येईपर्यंत गरम करूनच खावे. लिस्टेरिया नावाचे जंतू फ्रीजच्या थंडीतही वाढतात आणि त्यांच्यामुळे गर्भपात होऊ शकतो.

आणि घरात चार वर्षांखालील मूल असेल तर सॉसेज गोल चकत्या करून देऊ नका. त्या चकतीचा आकार मुलाच्या श्वासनलिकेत बुचासारखा बसतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली हॉट डॉगचा आकारच बदलावा अशी मागणी केली होती, ती याच कारणासाठी. आधी उभे चार काप करावेत, मग त्यांचे बारीक तुकडे करावेत आणि मूल बसून खात असताना कुणीतरी मोठ्या माणसाने जवळ थांबावे.