कामात मन कशाने लागतं? काही गैरसमज आणि काही पुरावे

उत्पादन घसरलं की बहुतेक कारखान्यांत पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: माणसांना कामाची आच राहिलेली नाही. मग एखादा वक्ता बोलावला जातो, दिवसभराचं शिबिर होतं, कॅन्टीनच्या भिंतीवर सुविचार लागतात. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो कामगार दुसऱ्या दिवशी त्याच बिघडलेल्या मशीनपाशी, त्याच सुपरवायझरच्या हाताखाली उभा राहतो. प्रेरणेबद्दलचे आपल्याकडचे पुष्कळ समज इथेच चुकतात. ते दोष माणसात शोधतात, आणि तो अनेकदा कामाच्या मांडणीत असतो. हे समजून घ्यायला परदेशातले दाखले आणायची गरज नाही. भारतातल्याच गिरण्यांत, शाळांत आणि शिवणकामाच्या कारखान्यांत हे गेल्या सत्तर वर्षांत अनेकदा तपासलं गेलं आहे.

गैरसमज: आपला कामगार हुकमाशिवाय हलत नाही, त्याच्या हाती अधिकार देऊन उपयोग नाही.

याचं उत्तर १९५३ मध्येच अहमदाबादेत मिळालं होतं. कॅलिको मिलचे प्रमुख गौतम साराभाई यांच्या निमंत्रणावरून लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस तिथे आले. मिलमध्ये नवे स्वयंचलित माग बसवले होते, पण उत्पादन अपेक्षेइतकं निघत नव्हतं आणि खराब कापडाचं प्रमाण फार होतं. राइस यांनी खात्यातली माणसं मोजली. २२४ माग, २९ कामगार आणि त्यांच्यात १२ प्रकारची कामं. कुणी फक्त तुटलेला धागा जोडायचा, कुणी फक्त तेल द्यायचं, कुणी फक्त झाडायचं. एकाच्या वाट्याला इतके माग, दुसऱ्याच्या वाट्याला तितके. त्यामुळे कुठल्याही एका मागाची जबाबदारी कुणा एका चमूची अशी नव्हतीच. माग बंद पडला तर तो नेमका कुणाचा, याला उत्तर नव्हतं.

राइस यांनी सुचवलेली गोष्ट साधी होती: मागांचा एक संच एका छोट्या गटाच्या ताब्यात द्यावा आणि गटातल्यांनी एकमेकांची कामं सांभाळून घ्यावीत. पुढे जे घडलं ते मला या सगळ्या कहाणीतलं सर्वांत मोलाचं वाटतं. ही कल्पना कामगारांनी आणि सुपरवायझरांनी स्वतःच उचलली आणि कोण कुणाबरोबर काम करणार हे आपापसांत ठरवलं. सुरुवातीला चढउतार झाले. मग घडी बसली तेव्हा कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली आणि खराब कापड सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आलं. माणसं तीच होती, मागही तेच. कामगारांच्या कुवतीबद्दल ज्यांना शंका वाटते, त्यांनी हे आकडे नीट पाहावेत. जबाबदारी पेलण्याची ताकद तिथे आधीपासूनच होती. जुन्या मांडणीत ती वापरायला जागा नव्हती.

गैरसमज: पैसा टाकला की काम होतं.

याची उलट बाजूही तितक्याच ठामपणे सांगितली जाते: पैशाने माणूस हलत नाही, त्याला मान हवा असतो. दोन्ही वाक्यं अर्धवट आहेत, आणि दुसरं तर कमी पगार देणाऱ्याच्या फारच सोयीचं आहे.

राजस्थानात उदयपूर भागात सेवा मंदिर ही संस्था एकशिक्षकी शाळा चालवत होती. तिथे शिक्षकांची गैरहजेरी ही मोठी अडचण होती. अर्थतज्ज्ञ एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही शाळांत शिक्षकांना तारीख-वेळ उमटणारा कॅमेरा दिला. शाळा भरताना आणि सुटताना एका विद्यार्थ्याने शिक्षकाचा मुलांसह फोटो काढायचा आणि पगार हजर दिवसांवर ठरायचा. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली, मुलांचे गुणही सुधारले. पैशाने इथे काम केलं, कारण अपेक्षा स्वच्छ होती, मोजमाप निर्विवाद होतं आणि हजर राहणं शिक्षकाच्या स्वतःच्या हातात होतं.

आता मदुराईजवळच्या खेड्यांतला प्रयोग पाहा. डॅन अरियली आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी गावकऱ्यांना स्मरणशक्ती, एकाग्रता आणि हाताचं कौशल्य लागणारे खेळ दिले. उत्तम खेळणाऱ्याला एका खेळामागे काहींना ४ रुपये, काहींना ४० आणि काहींना ४०० रुपये मिळणार होते. तिथल्या मजुरीच्या मानाने ४०० रुपये प्रचंड होते. सर्वांत वाईट खेळले ते ४०० रुपयेवाले. एवढी रक्कम समोर दिसली की लक्ष खेळावरून उडून रकमेवर जातं आणि हात कापतो. म्हणून ज्या कामात डोकं आणि कसब लागतं तिथे वर्षाच्या शेवटी एकाच आकड्यावर सगळं टांगून ठेवणं धोक्याचं असतं.

दिवाळीच्या बोनसबद्दल एवढंच सांगतो. पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के बोनस कायद्यानेच द्यावा लागतो. तो त्याचा हक्क आहे. त्याला बक्षीस म्हणू नये, आणि त्या बदल्यात कृतज्ञतेची अपेक्षाही ठेवू नये.

गैरसमज: कुणाला किती मिळतं हे झाकून ठेवलं की शांतता राहते.

पगार झाकून राहत नाही. चहाच्या टपरीवर तो कळतोच, आणि अर्धवट कळतो. ओडिशात एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी या अर्थतज्ज्ञांनी कामगारांना छोट्या गटांत महिनाभराचं काम दिलं. काही गटांत सगळ्यांना सारखी रोजंदारी होती, काही गटांत कमी-जास्त. जिथे फरक होता तिथे उत्पादन घसरलं आणि हजेरी १८ टक्केबिंदूंनी कमी झाली. तेवढीच रोजंदारी घेणारा माणूस समान पगाराच्या गटात मात्र नीट काम करत होता. रोजंदारी बुडवून घरी बसण्याइतका हा फरक मनाला लागत होता. गटातला जिव्हाळाही आटला.

पण या अभ्यासातला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. ज्या कामांत शेजाऱ्याने किती माल काढला हे उघड दिसत होतं, तिथे रोजंदारीतल्या फरकाचा काहीच दुष्परिणाम दिसला नाही. माणसाला सलतं ते फरकाचं कारण न दिसणं. अप्रेझलच्या बंद खोलीत ठरलेले आणि न समजावलेले आकडे हेच करत असतात.

गैरसमज: तक्रारी ऐकून घेतल्या की मागण्या वाढतात.

बऱ्याच मालकांना ही भीती मनापासून वाटते. आल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये मांडलं होतं की नाराज माणसापुढे दोन वाटा असतात, बोलणं किंवा सोडून जाणं. बोलण्याची वाट बंद केली की दुसरी उरते. भारतातल्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत याची प्रत्यक्ष चाचणी झाली. पगारवाढ झाली होती, पण अपेक्षेपेक्षा कमी. त्यानंतर लगेच चिठ्ठ्या टाकाव्यात तसे काही कामगार निवडून त्यांचं नाव न घेता मत विचारलं गेलं: कामाची परिस्थिती कशी आहे, सुपरवायझर कसा वागतो, तुम्ही समाधानी आहात का. पगारात यामुळे एका रुपयाचाही फरक पडला नाही. तरीही ज्यांना विचारलं गेलं त्यांच्यात नोकरी सोडणारे आणि दांडी मारणारे कमी निघाले. सर्वांत जास्त फरक पडला तो सर्वांत निराश झालेल्यांत. याचा अर्थ विचारपूस हा पगाराला पर्याय आहे असा कुणी काढू नये. पुन्हा पुन्हा विचारायचं आणि काहीच करायचं नाही, असं चाललं तर माणसं उत्तर देणं सोडतात.

गैरसमज: भरवसा फक्त घरच्या माणसावर टाकता येतो.

हा समज आपल्या अगदी जवळचा आहे. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगाव इथल्या १७ कापड कंपन्यांचा अभ्यास केला. त्यांच्या लक्षात आलं की कंपनी किती वाढेल हे बऱ्याच अंशी मालकाच्या घरात कर्ती पुरुषमाणसं किती आहेत यावरून ठरत होतं. भाऊ आणि मुलगे संपले की नवा कारखाना काढणंही थांबायचं. बाहेरच्या व्यवस्थापकाला निर्णय द्यायचे नाहीत, कारण चोरीची धास्ती. आणि गोदामात काय आहे, कुठल्या मागावर किती दोष निघतात, याची नोंदच धड नसल्यामुळे ती धास्ती खरी की खोटी हेही कळायला मार्ग नव्हता.

मग यांतल्या काही कारखान्यांत संशोधकांनी नेमलेल्या सल्लागारांनी काही महिन्यांत अगदी साध्या गोष्टी बसवल्या: यंत्रांची ठरल्या वेळी देखभाल, दोषांची रोजची नोंद, सुताचा नीट लावलेला साठा, सकाळची छोटी बैठक, भिंतीवर लावलेले उत्पादनाचे आकडे. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. त्याबरोबर मालकांनी व्यवस्थापकांना जास्त निर्णय घेऊ द्यायला सुरुवात केली, कारण आता काय चाललं आहे ते आकड्यांत दिसत होतं. घराबाहेरच्या माणसावर विश्वास टाकण्याआधी मालकांचा स्वभाव बदलावा लागला नाही. नोंदी सुरू झाल्या आणि विश्वास त्यांच्या मागून आला. अधिकार देणं म्हणजे काही चांगुलपणाने केलेलं दान नव्हे. त्याच्याखाली कागदावरची ही सगळी मेहनत असते, आणि ती आधी करावी लागते.

पहिल्या प्रयोगानंतर नऊ वर्षांनी संशोधक पुन्हा तिथे गेले. बसवलेल्या पद्धतींपैकी जवळपास निम्म्या बंद पडल्या होत्या. तरी ज्या कारखान्यांत हा प्रयोग झाला नव्हता, त्यांच्यापेक्षा हे अजूनही बरेच पुढे होते. पद्धती का बंद पडल्या असं विचारल्यावर दोन कारणं सर्वांत जास्त सांगितली गेली: त्या चालवणारा व्यवस्थापक नोकरी सोडून गेला होता, आणि मालकाला लक्ष द्यायला वेळ उरला नव्हता.