रेटिंग कोण देणार?

अप्रेझलमध्ये रेटिंग घसरलं की आपला वीकेण्ड खलास! पुणे-दौंड लाइनवर पाटसच्या जरा अलीकडे केडगाव लागतं. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी अपशकुनी ठरवलेल्या बालविधवा आणि १८९६-९७च्या दुष्काळात उघड्यावर पडलेल्या पोरींना आसरा दिला. ‘तू देवाची लेक आहेस’ हे त्यांना नुसतं प्रवचनात ऐकवलं नाही, छापखानाच त्यांच्या हाती सोपवला! रमाबाईंनी मराठीत आणलेलं बायबल याच बायकांनी खिळे जुळवून छापलं. अंध मुलींना ब्रेल शिकवलं गेलं. बाई स्वतः १८८३ला इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. पण तिथल्या धर्माधिकाऱ्यांशीही बिनधास्त भांडल्या. (पुण्यात टीका झाली ती वेगळीच.) देव मानला, हुकूम नाही. १९२२मध्ये त्या गेल्या. मिशन आजही सुरू आहे.