एसी १२८ कुठे मिळेल?

जुना ट्रान्झिस्टर रेडिओ दुरुस्तीला घेतला की गाडी पुष्कळदा एसी १२८ वर अडते. जर्मेनियमचा हा पीएनपी ट्रान्झिस्टर एकेकाळी आपल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही बनवला. आता मिळतो तो उरलेल्या साठ्यातून. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, बोलण्यात क्वचितच) आणि पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, इथून सुरुवात करावी. चकचकीत काउंटरपेक्षा जुन्या दुरुस्तीवाल्याचा खोका बरा. नुसता नंबर सांगण्यापेक्षा जळका नमुनाच पुढे ठेवावा.

मिळाला की लगेच खिशात टाकू नका. मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर बेस आणि एमिटरमध्ये जर्मेनियम साधारण ०.२ ते ०.३ व्होल्ट दाखवतं, सिलिकॉन ०.६ ते ०.७. आकडा ०.६ आला तर आत सिलिकॉन आहे, वर काहीही छापलेलं असो. छपाईवर अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवून बघा. नव्याने नंबर मारलेला माल बरेचदा तिथेच उघडा पडतो. गळती मोजताना मात्र ट्रान्झिस्टर चिमटीत धरू नये. बोटांच्या उबेनेही ती वाढते आणि चांगला माल बाद ठरतो.

नाहीच मिळाला तर एसी १८८ बहुतेक जागी चालतो. सिलिकॉनचा बसवायचा तर बायसचे रेझिस्टर बदलावे लागतात. आणि भंगारवाल्याकडचा बंद पडलेला रेडिओ विसरू नका: त्यात गँग कंडेन्सरही निघतो, जो हल्ली ट्रान्झिस्टरइतकाच दुर्मीळ झालाय.