वारशाने आलेली पंप बंदूक : ओळख, वय आणि कायदा

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात सोनई हे मोठ्या बाजारपेठेचे गाव आहे. मुळा धरणाचे पाणी आणि मुळा सहकारी साखर कारखाना यांमुळे या परिसराचे आर्थिक चित्र पालटले. तथापि, गावातील जुन्या घराण्यांच्या वाड्यांत मागील पिढ्यांच्या वस्तू अद्याप जपून ठेवलेल्या आढळतात. दागिना, भांडी वा दस्तऐवज वारशाने आला तर तो वाटणीपत्रात येतो आणि प्रश्न मिटतो. बंदुकीचे तसे नाही. परवानाधारक वडील वा आजोबा निवर्तले की बंदूक मागे राहते. तो परवाना मात्र वारसाच्या कामी येत नाही. बंदूक कोणत्या कारखान्याची, किती जुनी, तिचा क्रमांक काय आणि कागदात नोंदलेली बंदूक हीच काय, हे प्रश्न अशा वेळी अचानक उभे राहतात.

आपल्याकडे जुन्या घरांत सामान्यतः दुनळी किंवा ठासणीची बंदूक आढळते. क्वचित एखाद्या घरी एकच नळी असलेली, परंतु नळीखाली दुसरी आखूड नळी आणि तिच्यावर पुढेमागे सरकणारी लाकडी मूठ असलेली बंदूक निघते. हीच पंप बंदूक होय. ती बहुधा अमेरिकन बनावटीची असल्याने तिच्यावरील खुणा वाचण्याची रीत निराळी आहे.

आधी जमा, मग तपास

तपासाच्या उत्सुकतेपोटी बंदूक घरातच हाताळत बसणे वारसाच्या अंगाशी येऊ शकते. शस्त्र अधिनियम, १९५९ हा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आहे. त्याच्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही. कलम २१ नुसार, ज्या शस्त्राचा ताबा कायदेशीर राहिलेला नाही ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. विनापरवाना बंदूक बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. “वडिलांचीच आहे” हा त्यावरचा बचाव नव्हे.

सोनईच्या शेजारीच शनिशिंगणापूर आहे. घरांना दारे-कुलपे नसण्याच्या परंपरेसाठी हे गाव देशभर प्रसिद्ध आहे. बंदुकीच्या बाबतीत मात्र अशा विश्वासाला वाव नाही. म्हणून क्रम असा ठेवावा : प्रथम बंदूक जमा करून पावती घ्यावी, नंतर जाणकार शस्त्रविक्रेत्याच्या हातून, नळी व खालचे कोठार रिकामे असल्याची खात्री करून, तिची पाहणी करावी. बंदूक हलविण्यापूर्वी ठाण्याला कळवून त्यांच्या सूचनेप्रमाणे वागणे इष्ट.

पंप बंदुकीची घडण

दुनळी बंदुकीत दोन बार झाले की ती मोडून पुन्हा काडतुसे भरावी लागतात. पंप बंदुकीत चार-पाच काडतुसे नळीखालच्या कोठारात एकामागे एक बसतात. पुढची मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते. पुढे ढकलली की नवे नळीत बसते. प्रत्येक बारासाठी चाप स्वतंत्रपणे ओढावा लागतो. त्यामुळे ही स्वयंचलित बंदूक नव्हे. बारा बोअर ही संज्ञाही समजून घेण्यासारखी आहे. एक पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या तर एका गोळीचा जो व्यास, तोच या नळीचा व्यास. तो सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो. म्हणूनच २० बोअरची नळी १२ बोअरपेक्षा अरुंद असते.

या घडणीची पहिली यशस्वी बंदूक अमेरिकेत १८८० च्या दशकात ख्रिस्तोफर स्पेन्सर याने आणली. पुढे जॉन ब्राउनिंग याच्या आराखड्यावरून विंचेस्टर कारखान्याने मॉडेल १८९७ काढले. ते १९५७ पर्यंत निघत होते आणि त्याच्या दहा लाखांहून अधिक बंदुका तयार झाल्या. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने हीच बंदूक खंदकांतील लढाईत वापरली. १९१२ साली त्याच कारखान्याने टी. सी. जॉन्सन याच्या आराखड्याचे नवे मॉडेल आणले. रेमिंग्टनचे मॉडेल १० हे १९०८ पासून, मॉडेल ३१ हे १९३१ पासून आणि मॉडेल ८७० हे १९५० पासूनचे. इथाका मॉडेल ३७ ची सुरुवात १९३७ ची आहे.

या दोन विंचेस्टर बंदुका ओळखणे सोपे आहे. मागील बाजूस घोडा उघडा दिसत असेल तर मॉडेल १८९७ ची शक्यता प्रथम पडताळावी. घोडा आत दडलेला असून पाठ गुळगुळीत असेल तर १९१२ चे मॉडेल वा त्यानंतरच्या घडणीचा विचार करावा. मात्र केवळ आकारावरून निर्णय करू नये. अंतिम शब्द धातूवर कोरलेल्या अक्षरांचा असतो.

एका बंदुकीच्या तीन तारखा

“बंदूक किती जुनी?” हा प्रश्न वरवर एकच वाटतो. प्रत्यक्षात त्यात तीन तारखा दडलेल्या असतात : बंदूक कारखान्यात तयार झाली ती, ती या देशात आली ती, आणि ती घराण्यात आली ती. या तिन्हींची गल्लत झाल्यानेच “पणजोबांची शंभर वर्षांची बंदूक” अशा आख्यायिका तयार होतात. प्रत्येक तारीख ठरविण्याची साधने निरनिराळी आहेत.

पहिली तारीख नळीवरील मजकुरातून मिळते. अनेक अमेरिकन बंदुकांवर एकस्वाच्या, म्हणजे पेटंटच्या, तारखा कोरलेल्या असतात. यांतील सर्वांत अलीकडची तारीख ही खालची मर्यादा होय. बंदूक त्याहून जुनी असू शकत नाही. ती बनावटीची तारीख मात्र नव्हे. एकस्व मिळाल्यानंतरही तोच मजकूर कित्येक वर्षे कोरला जात असे.

नावांतील बदलही उपयोगी पडतात. विंचेस्टरचे १९१२ चे मॉडेल प्रारंभी “मॉडेल १९१२” या नावाने आणि केवळ २० बोअरमध्ये निघाले. १९१९ पासून त्यावर “मॉडेल १२” असे नाव येऊ लागले. नळीवर “निकेल स्टील” असा उल्लेख असेल तर ती साधारणपणे १९३१ च्या आगेमागेपर्यंतची. त्यानंतर “प्रूफ स्टील” हा उल्लेख येतो. लंबवर्तुळातील डब्ल्यू आणि पी ही अक्षरे म्हणजे विंचेस्टरची चाचणीची खूण. ती १९०५ पासून वापरात आली. रेमिंग्टनच्या नळीवर डाव्या बाजूस बारीक अक्षरांची खूण असते. १९२१ पासून सुरू झालेल्या या पद्धतीत पहिले अक्षर महिन्याचे आणि दुसरे वर्षाचे. महिन्यांची बारा अक्षरे “ब्लॅकपावडर” या इंग्रजी शब्दाच्या अक्षरांना शेवटी एक्स जोडून घेतलेली आहेत : बी म्हणजे जानेवारी, एल म्हणजे फेब्रुवारी आणि याच क्रमाने एक्स म्हणजे डिसेंबर.

येथे एक सावधगिरी हवी. या बंदुकांची नळी सुटी करता येते आणि बदलताही येते. विंचेस्टरच्या सुट्या होणाऱ्या बंदुकांत मधल्या पोलादी भागाच्या खाली आणि नळीच्या जोडावर असा दोन ठिकाणी एकच क्रमांक असतो. हे दोन क्रमांक जुळत नसतील तर नळी मागाहून बसविलेली आहे, असे समजावे आणि तिचे वय बंदुकीचे वय म्हणून धरू नये.

दुसरी तारीख, म्हणजे देशात येण्याची, बरेचदा ब्रिटिश शिक्क्यांतून कळते. ब्रिटनमध्ये विक्रीस ठेवावयाच्या बंदुकीची नळी लंडन किंवा बर्मिंगहॅम येथील अधिकृत चाचणीगृहात जादा दाबाने तपासली जाई आणि तिच्यावर शिक्का मारला जाई. अमेरिकन बंदूक ब्रिटिश व्यापाऱ्यामार्फत इकडे आली असेल तर तिच्यावर असे शिक्के दिसू शकतात. “नॉट इंग्लिश मेक”, अर्थात ही बंदूक इंग्रजी बनावटीची नाही, असा शिक्का असल्यास ती चाचणी १९२५ नंतरची ठरते. विक्रेत्याचे नावही बोलके असते. मुंबईत १८९१ पासून शाखा असलेली आर्मी अँड नेव्ही ही संस्था १९३४ पर्यंत आपल्या नावापुढे “को-ऑपरेटिव्ह सोसायटी” लावीत असे. पुढे ती “स्टोअर्स” झाली. वरची मर्यादाही उपलब्ध आहे : १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसाधारण परवानाधारकांसाठी विदेशी बंदुकांची आयात बंद झाली.

समजा, एखाद्या १२ बोअरच्या बंदुकीवर “मॉडेल १२”, “निकेल स्टील” आणि “नॉट इंग्लिश मेक” हे तिन्ही आढळले. पहिल्या दोन खुणांवरून बनावट १९१९ ते साधारण १९३१ या काळातील ठरते. तिसरीवरून ब्रिटनमधील चाचणी १९२५ नंतरची. क्रमांकांच्या प्रसिद्ध सूचींशी क्रमांक ताडून ही मर्यादा आणखी आवळता येते. एवढे हाती आले तरी बंदूक घरी केव्हा आली हे अद्याप समजलेले नसते.

कागदांची साक्ष

तिसरी तारीख घरच्या पेटीत असते. जुना परवाना, नूतनीकरणाच्या नोंदी, खरेदीची पावती, निवडणुकीच्या काळात बंदूक जमा केल्याच्या पावत्या हे सर्व एकत्र करावे. परवान्याचा मथळाही काळ सांगतो. तो १८७८ च्या कायद्याखालील असेल तर ऑक्टोबर १९६२ पूर्वीचा. त्यावर मुंबई राज्य असेल तर १९५० ते १९६० मधला. महाराष्ट्र असेल तर १ मे १९६० नंतरचा.

नेवासे तालुक्याच्या उत्तरेस गोदावरी वाहते. १९४८ पर्यंत नदीपलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान होते आणि तेथील कारभार उर्दूतून चाले. बंदूक पलीकडील सोयऱ्यांकडून आली असेल तर तिचा मूळ कागद उर्दूत असण्याचा संभव आहे. वाचता येत नाही म्हणून तो टाकून देऊ नये; तोच मूळ कायदेशीर ताब्याचा पुरावा ठरू शकतो.

क्रमांकच नसेल तर

स्टीव्हन्स व तत्सम कारखान्यांच्या स्वस्त बंदुका अमेरिकेतील टपाल-विक्री करणाऱ्या दुकानांच्या नावाने विकल्या जात. अशा अनेक बंदुकांवर क्रमांक नसे. तेथे सर्व बंदुकांवर क्रमांक सक्तीचा झाला तो १९६८ च्या कायद्याने. तेव्हा क्रमांक नाही याचा अर्थ तो घासून काढला असाच होत नाही. परंतु आपल्या कायद्याच्या कलम ८ नुसार ओळखचिन्ह नसलेले शस्त्र बाळगणे आक्षेपार्ह आहे आणि असलेले चिन्ह पुसणे वा बदलणे हा गुन्हा आहे. अशा वेळी घरी ठोकून क्रमांक घालू नये. ही बाब लेखी स्वरूपात परवाना प्राधिकाऱ्याच्या निदर्शनास आणावी.

याच कारणासाठी गंज काढण्यास काचकागद वा घासणी वापरू नये. काळी-निळी झाक, बारीक शिक्के आणि अक्षरे एकदा गेली की परत येत नाहीत. मऊ फडक्याने हलके तेल लावणे पुरेसे आहे. अक्षरे अंधुक असतील तर तिरप्या उजेडात छायाचित्र घ्यावे.

नळीची लांबी मोजणेही आवश्यक आहे. बंदूक रिकामी व बंद करून तोंडातून काठी आत घालावी आणि ती टेकेल तेथपर्यंतचे माप घ्यावे. ते २० इंचांपेक्षा कमी भरल्यास शस्त्र निषिद्ध वर्गात जाते. नळी आखूड करण्यास कलम ६ ने परवान्याविना मनाई आहे.

“चालते का पाहू” म्हणून बार काढणे तर सर्वस्वी टाळावे. जुन्या नळीचे काडतूस-घर आजच्या काडतुसापेक्षा आखूड असू शकते. तेव्हा दाब धोकादायक वाढतो. शिवाय विंचेस्टरची ही दोन्ही मॉडेले आणि जुन्या इथाका बंदुका चाप दाबून धरलेला असताना मूठ पुढे सारताच बार काढतात. ही गोष्ट ठाऊक नसलेल्या माणसाच्या हाती अपघात घडू शकतो.

वारसाचा परवाना

शस्त्र नियम, २०१६ च्या नियम २५ मध्ये वारसांसाठी तरतूद आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर त्याच्या कायदेशीर वारसाला परवाना देता येतो. परवानाधारक हयात असतानाही, त्याचे वय ७० झाले असेल किंवा शस्त्र २५ वर्षे त्याच्याकडे असेल, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, त्याने नामनिर्देशित केलेल्या वारसाचा विचार होऊ शकतो. वृद्ध परवानाधारकांच्या कुटुंबांनी ही दुसरी तरतूद अवश्य ध्यानात घ्यावी. कारण बंदुकीचा इतिहास सांगू शकणारी व्यक्ती तेव्हा समोर असते. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करावयाचा असून इतर वारसांची ना-हरकत आणि पोलीस अहवाल यांची आवश्यकता असते. २०१९ च्या दुरुस्तीनुसार एका व्यक्तीस दोनच बंदुका ठेवता येतात आणि वारशाने आलेल्या बंदुकांनाही ही मर्यादा लागू आहे. परवान्याची मुदत पाच वर्षे असते.

पूर्णतः निकामी आणि दुरुस्तीनेही न चालणाऱ्या कालबाह्य शस्त्रांना कलम ४५ मध्ये सूट आहे. परंतु आपली बंदूक या वर्गात बसते की नाही, हे कुटुंबाने स्वतःच ठरवून मोकळे होऊ नये. शंभर वर्षांपूर्वीचे मॉडेल १८९७ आजही बार काढू शकते. वय झाले म्हणून बंदूक शोभेची होत नाही.

परवाना मिळाला तरी बंदुकीचा उपयोग मर्यादितच आहे. उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर वाढल्याने अनेकांना घरातील बंदुकीची आठवण होते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार बिबट्यास सर्वोच्च संरक्षण असून त्याच्यावर बंदूक चालविणे हा गंभीर गुन्हा आहे. अशा प्रसंगी वन विभागास कळविणे हाच मार्ग होय.

अर्जासोबत द्यावयाचे टिपण एका पानाचे असले तरी पुरे : बनावट व मॉडेल, बोअर, नळीची लांबी, दोन्ही ठिकाणचे क्रमांक, शिक्क्यांची छायाचित्रे, बनावटीचा अंदाजित काळ आणि घरातील कागदांची तारीखवार यादी. धातू आणि कागद एकच गोष्ट सांगत असतील तर पडताळणी सुकर होते. त्यांत विसंगती असेल, तर ती वारसाने स्वतःहून टिपणात नमूद करावी. चौकशीत ती उघड होण्यापेक्षा हे केव्हाही हिताचे. परवाना नको असलेल्या कुटुंबालाही हे टिपण उपयोगी पडते, कारण बंदूक रीतसर विकताना किंवा सरकारजमा करतानाही तिची ओळख पटवावीच लागते. आणि बंदूक घरातून गेल्यावर तिची हकीकत सांगणारा तेवढाच कागद मागे उरतो.